आल्हादच्या भिंतीवरचं टोकन

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

रोबोटची नोंद मी कॉम्प्युटरवर ठेवतो. कोणती मोटर लावली, कोणती जळली, कोडमध्ये काय बदललं, सगळं. पण त्यात 'आज डोकं फिरलं' असा रकाना नाही. म्हणून ही वही काढली. ऑफिसात इंग्रजी, बाजारात हिंदी, पण जळफळाट घरच्याच भाषेत बरा निघतो.

झालं असं की पायल संध्याकाळी भाजी घेऊन आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाबा आल्हादच्या गॅरेजमध्ये बसले आहेत. हातात कानस आहे."

मी म्हटलं, दुसरं कोणी असेल. बाबा चार वाजता फिरायला जातात, बगिच्यापर्यंत.

"सासऱ्याला ओळखत नाही का मी? आणि हसून राहिले होते."

कानस एकवेळ मी सहन केली असती. ते हसणं सहन होईना.

बाबांनी सगळी नोकरी फॅक्टरीत फिटर म्हणून काढली. मी पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घरी बसून लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत रोबोट बनवतो. दिवसभर लिहिलेलं स्क्रीनमध्येच राहते, हे निदान जागचं हलते तरी. सध्या एक चाकांची गाडी चालू आहे. स्वयंपाकघरातून चहा घेऊन माझ्या टेबलापर्यंत आपोआप आली पाहिजे. आई तिला टुकटुक म्हणते. टुकटुक दाराच्या उंबरठ्यावर अडते, कारण चाक दांड्यावर सैल आहे, जोर लावला की दांडा फिरतो आणि चाक जागीच.

आता हे काम कोणाचं? फिटरचं. पण इतक्या वर्षांत बाबांनी एकदा विचारलं नाही की हे काय आहे. येतात, दारात उभे राहतात, दोन्ही हात पाठीमागं बांधून, इन्स्पेक्शनला आल्यासारखे. पाहतात आणि जातात. मागच्या वर्षी एकदा त्यांनी काहीतरी उचललं होतं, तेव्हा मी म्हटलं, बाबा, हात नका लावू, वायर सुटते. एवढंच. त्यात काय एवढं.

आणि आल्हादकडं जाऊन कानस चालवतात. आल्हाद इथंच विजय नगरमध्ये, आमच्या मागच्या गल्लीपलीकडं राहतो. बँकेत कॉम्प्युटरचं काम पाहतो, घरी सहा पायांचा रोबोट बनवून राहिला आहे. त्याचे वडील मोहनसाहेब बाबांच्याच सेक्शनला चार्जमन होते, म्हणजे बाबांचे साहेब. मागच्या वर्षी वारले. जन्मभर त्या घराच्या हाताखाली काम केलं, आता पेन्शनीतही तिथंच. हे मला पचून नाही राहिलं.

८ ऑक्टोबर

आज सरळ विचारलं. बाबा परत आले, शर्टाच्या बाहीवर पितळेचा भुगा.

"कुठं गेले होते?"

"आल्हादकडं."

लपवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. "काय करता तिथं?"

"बसतो."

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "काहून रे, तुले काय त्रास? घरात बसले तं टीव्हीचा आवाज मोठा करतात. गेलेले बरे."

रात्रीच्या ऑफिस मीटिंगमध्ये दिवसभरात काय केलं ते सांगायचं असते. माझी पाळी आली तेव्हा मी तिसऱ्याच कामाचं नाव घेतलं. डोक्यात तो भुगा होता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनतेरस. आपल्याकडं काही नसते, पण दुकानवाले स्वस्तात देतात म्हणून पायलला पडदे आजच घ्यायचे होते. बड़ा फुहाराच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही. तिला कापडाच्या दुकानात सोडून मी ओमतीच्या हार्डवेअर दुकानात नट-बोल्ट घ्यायला गेलो, तर काउंटरवर आल्हाद. पितळेच्या सळया हातात घेऊन पाहत होता.

"अरे, बरं झालं भेटलास. काकांसाठी घेतोय. पायाच्या सांध्यात बसवायला गोल कड्या, बुश, करतायत ते. काय हात आहे रे त्यांचा. तू नशीबवान आहेस."

मी म्हटलं, "हो ना."

"फक्त एक आहे. रोज फोन करून बोलवावं लागतं. पहिल्या दिवशीच म्हणाले, बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या बेंचला हात लावत नाही, फॅक्टरीची शिस्त आहे. म्हणून मी रोज साडेतीनला फोन करतो. बँकेतूनच. मी घरी पोचेपर्यंत त्यांचं काम सुरू झालेलं असतं."

म्हणजे वर नखरेही आहेत. त्याच्यासाठी रोज आमंत्रण लागते, आणि इथं घरात, बारा पावलांवर मुलाची खोली आहे, तिथं यायला काय पालखी पाठवू?

पायलला हे सांगितलं. ती पडद्याची पिशवी मांडीवर घेऊन माझ्याकडं पाहत राहिली. "तुम्ही आता काय म्हटलं ते पुन्हा म्हणा," म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "चलो, जाऊ द्या," आणि स्कूटरवर मागं बसली.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज गेलो. त्यानंच बोलावलं होतं, त्याच्या आईनं, काकूंनी, पोहे केले होते.

गॅरेजमध्ये मोठ्या हाताची वेताची खुर्ची आहे, मोहनसाहेबांची. बाबा त्या खुर्चीवर बसले होते. समोर काम पकडायचा लहान शिकंजा, त्यात पितळेचा तुकडा, आणि बाबा बोलून राहिले होते. बोलून म्हणजे कसं, गोष्ट सांगून. नाइट शिफ्टला साप निघाला होता आणि मोहनसाहेब ड्रिल मशिनवर चढून बसले होते, ती गोष्ट. काकू आणि आल्हाद पोट धरून हसत होते. मी त्यांचा मुलगा, आणि मला हा साप आजच माहीत झाला.

काकू मला म्हणाल्या, "त्या खुर्चीवर वर्षभर कोणी बसलं नव्हतं." मला वाटलं, उपकार ऐकवून राहिल्या. साहेबाच्या खुर्चीवर फिटरला बसवलं, म्हणून. मी पोहे अर्धे ठेवले.

मग ते दिसलं. बेंचच्या वर, भिंतीवर, एका खिळ्याला बाबांचं टोकन.

हे लिहून ठेवतो, कारण पायललाही पूर्ण समजलं नाही. फॅक्टरीत प्रत्येकाला नंबर कोरलेलं पितळी टोकन मिळायचं. स्टोअरमधून औजार घ्यायचं तर आपलं टोकन तिथं खिळ्याला अडकवायचं. औजार परत केलं की टोकन परत. टोकन टांगलेलं आहे म्हणजे माणूस तुमचं औजार घेऊन कामावर आहे. रिटायर होताना ते जमा करायचं असते, बाबांनी हरवलं सांगितलं, दंड भरला आणि ठेवून घेतलं. लहानपणी मी ते पाहायला मागायचो. बाबा म्हणायचे, खेळणं नाही ते, हरवलं तर नोकरी जाते. एकदाही हातात दिलं नाही.

आता ते आल्हादच्या भिंतीवर लटकून आहे. का, तर बाबांनी त्याचा माप घ्यायचा व्हर्निअर वापरायला घेतला आहे. आल्हाद म्हणाला, "मी म्हटलं काका, घरातलंच आहे, तर म्हणाले नाही, नियम म्हणजे नियम. मग मीच खिळा ठोकला."

घरातलंच आहे म्हणे.

२ नोव्हेंबर

एक युक्ती केली. टुकटुकचं चाक काढून, दांड्यासकट, जेवायच्या टेबलावर ठेवलं, बरोबर बाबांच्या ताटाच्या जागेजवळ. फिटर माणूस, सैल चाक पाहून हात थांबायचा नाही.

बाबा आले. पाहिलं. दोन्ही हात मागं गेले. वाकून एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं. मी दारामागून पाहत होतो. मग मला हाक मारली.

"तुझं सामान जेवायच्या टेबलावर पडलं हाय."

५ नोव्हेंबर

आज ते चाक त्यांच्या टीव्हीसमोरच्या खुर्चीवर ठेवलं. बाबांनी उभं राहून बातम्या पाहिल्या. आईनं शेवटी ते उचलून टमाट्याच्या टोपलीत टाकलं. म्हणाली, "बाप तसा लेक. एक मागत नाही, एक देत नाही."

पिकते तिथं विकत नाही म्हणतात, ते खरं आहे. म्हणजे माझ्याबद्दल म्हणतो.

१६ नोव्हेंबर

आमच्या रोबोटवाल्यांच्या ग्रुपवर आल्हादनं व्हिडिओ टाकला. सहा पायांचा रोबोट गॅरेजच्या फरशीवर चालतो. खाली लिहिलं, "सांधे घडवणारे हात: टिकाराम काका." शहरभरच्या लोकांनी बाबांना हात जोडले. नागपूरहून आत्याचाही फोन आला. बाबांनी तो व्हिडिओ मोबाइल डोळ्याला लावून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळून राहिले आहेत, त्यामुळं तसंच पाहावं लागते.

मीही पुन्हा पुन्हा पाहिला. मला काहीतरी खटकलं. सांध्यातले बुश फारच सारखे आहेत. सहा पाय, एका पायात तीन सांधे, आणि सगळे जुळे भाऊ. हातानं घासलेलं काम असं नसते.

१८ नोव्हेंबर

आज मला जे मिळालं ते मिळावं म्हणून कोणी नवस करेल.

आल्हादनं बोलावलं होतं. रोबोटचे पाय चालताना थरथरतात, कोडमध्ये काय चुकलं पाहून दे म्हणाला. मला पाहता पाहता समजलं. सगळ्या मोटरी एकाच क्षणी बॅटरी ओढतात, त्यांच्यात थोडं थोडं अंतर पाहिजे. मी म्हटलं, "पाहावं लागेल, वेळ लागेल." सांगितलं नाही. ही माझी वही आहे, इथं खोटं कशाला लिहू.

तो चहा आणायला आत गेला. मी स्क्रू शोधायला फळीवरचा बिस्किटांचा डबा उघडला. त्यात बाबांचे बुश. सगळे. एकही वापरलेला नाही. बाजूला पिशवीत मशिनवर कापून आणलेले नवे, तेच रोबोटमध्ये बसले आहेत. मी व्हर्निअर लावून पाहिलं. बाबांचा एकही गोल नाही. कोणी एका बाजूला जास्त घासला, कोणी आतून मोठा झाला.

दोन बुश पुन्हा मोजले. बाबांचा हात गेला म्हणजे. मग जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. पगारवाढीला झाला नव्हता इतका. खोटारडा. रोज बोलावतो, सळया आणून देतो, घासून घेतो, वाहवा करतो, आणि मागं डब्यात टाकतो. डबा होता तसा ठेवला, चहा घेतला, काकूंना चांगला झाला म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

इतके दिवस गप्प होतो. साखर गालात ठेवावी तसं ते ठेवलं होतं. आज सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी एका कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे, शहरातले हौशी लोक आपापली यंत्रं मांडणार. जेवताना बाबा म्हणाले, "सगळ्यांनी या सात तारखेला. आमचं मशीन पाहाले."

आमचं.

मी म्हटलं, "तुमचा एकही पार्ट नाही त्यात. डब्यात पडले आहेत सगळे. त्यानं मशिनवर करून आणले."

आईचा हात वरणाच्या पळीवर थांबला. पायल माझ्याकडं पाहत होती, मी तिच्याकडं पाहिलं नाही. बाबांनी ताटातला भात संपवला. घाई केली नाही, टाकलाही नाही. हात धुतले, टॉवेलला पुसले, खोलीत गेले.

पायल ताटं उचलताना म्हणाली, "पोट भरलं?" मला वाटलं जेवणाचं विचारते. हो म्हटलं.

४ डिसेंबर

बाबा घरी आहेत. सोमवारपासून एकदाही गेले नाहीत. साडेतीनला मोबाइल वाजतो, वाजत राहतो, बंद होतो. बाबा टीव्ही पाहतात.

म्हणजे मी जिंकलो. आता बाबा दिवसभर माझ्या खोलीच्या बाहेरच असतात, भिंतीपलीकडं. माझ्या खोलीत काही आले नाहीत. टीव्हीचा आवाज मोठा असतो, मला मीटिंगमध्ये सारखी माफी मागावी लागते. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. काल माझा चहाही ओट्यावरच ठेवला. "घेऊन जा तुझ्याच हातानं," म्हणाली.

मी विचार करतो, मी चूक काय सांगितलं. खरंच तर सांगितलं.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. सकाळी सगळे विहारात गेलो. मेणबत्त्या, वंदना. परतताना आई आणि पायल पुढं, मी आणि बाबा मागं. बाबांना हल्ली रस्ता ओलांडताना माझी बाही धरावी लागते. ओलांडून झाल्यावरही त्यांनी ती सोडली नाही, म्हणून मला विचारता आलं.

"बाबा, वाईट वाटलं का? त्या पार्टचं?"

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," बाबा म्हणाले. "डोळे गेले तं गेले, बोटं तं हायेत. गोल हाय का लंबगोल, बोटाले समजते."

मी उभाच राहिलो. "मग जात काहून होते?"

"तो बोलावत होता."

थोडं चालल्यावर पुन्हा बोलले. "मोहनसाहेब गेले तेव्हापासून ती खुर्ची तशीच होती. पोरगं स्क्रू कसता कसता तिच्याकडं पाहे. मी जाऊन बसलो, मग पाहणं बंद झालं त्याचं. त्याले वाटे म्हाताऱ्याले समजत नाही, चालू दे त्याची कानस. मले वाटे, असू दे, त्याले असंच वाटू दे. दोघांचंही बरं चाललं होतं. झाकली मूठ होती रे. तू उघडली."

"आता जा ना मग."

"कसा जाऊ? फोन उचलत नाही म्हणजे मले माहीत झालं, हे त्याले समजलं असेल. त्या लेकराले माह्यासमोर तोंड लपवावं लागेल. मी साहेबाच्या लेकाले तसं करणार नाही."

मला राहवलं नाही. "आणि माझ्याकडं? मी घरातच होतो ना. माझं चाक टेबलावर ठेवलं, खुर्चीवर ठेवलं."

"तुझा बेंच हाय," बाबा म्हणाले. "तू म्हटलं होतं हात नका लावू."

रागानं नाही. पत्ता सांगावा तसं.

मी तर वायरसाठी म्हटलं होतं. घरी येऊन हे लिहून राहिलो आणि अजूनही माझं डोकं तिथंच अडलं आहे. आल्हादला बरं वाटावं म्हणून बाबा रोज गल्ली ओलांडून, हे असे डोळे घेऊन, एकटे गेले. कोणाची बाही धरत होते काय माहीत.

७ डिसेंबर, रविवार

प्रदर्शनाला एकटाच गेलो. टुकटुक नेली नाही, न्यायला तिचं चाक तरी पाहिजे.

आल्हादभोवती गर्दी होती, पण रोबोट दोन पावलं टाकून थरथरून बसून जायचा. लोक मोबाइल खाली करून पुढं जायचे. मला पाहताच आल्हाद गर्दी सोडून आला. "काका फोन उचलत नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

मी सांगितलं. डबा मी पाहिला, आणि मीच बाबांना बोललो.

मला वाटलं होतं, चिडेल. तो खाली स्टुलावर बसला. मग म्हणाला, "मी त्यांना फसवलं असं नको होतं वाटायला. मला ते रोज यायला हवे होते फक्त. पार्ट काय, बाजारात मिळतात."

मी म्हटलं, "त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्यावर तो हसला की रडला ते मला सांगता येणार नाही. मी तिकडं न पाहता त्याचा लॅपटॉप ओढला आणि मोटरींमध्ये अंतर टाकून दिलं. रोबोट टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट चालला. मला टाळ्या नको होत्या, पण आल्हादला वाजल्या तेव्हा पोटात दुखलंच. काय करू.

निघताना त्यानं खिशातून रुमाल काढला. रुमालात टोकन. "त्यांचं त्यांना दे. मला आता ठेवता येत नाही."

घरी येईपर्यंत ते माझ्या मुठीत होतं. पहिल्यांदा. लहानपणी वाटायचं तितकं जड नाही. नंबर झिजला आहे, बोटानं वाचता येतो.

१० डिसेंबर

टोकन बाबांना त्याच दिवशी दिलं. आल्हादनं दिलं म्हटलं. त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं.

आज माझ्या टेबलावरच्या भिंतीत खिळा ठोकला. पायल आवाज ऐकून आली. "कॅलेंडर लावायचं आहे का?"

"नाही."

ती खिळ्याकडं पाहून गेली. थोड्या वेळानं न मागता चहा आणून ठेवला.

१४ डिसेंबर

आज तोंड उघडलं. चार दिवस पाठ केलं होतं तरी बाहेर आलं ते असं, "बाबा, वेळ असेल तर चाक पाहून जा एखाद्या वेळी."

"मॅच पाहून राहिलो," बाबा म्हणाले.

मॅच हरलेली होती. शेवटची विकेट होती. आई आतून म्हणाली, "अच्छा, असं बोलावतात का? आल्हाद असा बोलवे का?"

त्याचं नाव काढायची गरज नव्हती. पण मुद्दा बरोबर आहे. बाबांचा पाय तिथं अडला आहे. ते पोरगं तोंड लपवून बसलं आहे तोपर्यंत ते कोणाच्याच बेंचजवळ जाणार नाहीत, माझ्याही नाही. म्हणजे मला बाबा पाहिजेत तर आधी आल्हादला घरात आणावं लागेल. हे लिहितानाही हात जड होऊन राहिला.

१६ डिसेंबर

फोन केला. साडेतीनला केला, मुद्दाम.

"रविवारी आमच्याकडं ये. तुझा सहा पायांचा घेऊन ये. तो डबाही आण."

"डबा कशाला? काका काय म्हणतील?"

"त्यांना बघू दे."

२१ डिसेंबर, रविवार

आल्हाद आला. आईनं सावजीचा रस्सा केला होता, तो दोन घासांत घामाघूम झाला तरी मागून घेत होता. बाबा त्याच्याकडं पाहत नव्हते, तो बाबांकडं पाहत नव्हता. पायल एकटीच बोलत होती, तिच्या रेल्वेच्या ऑफिसबद्दल, गाड्यांच्या उशिराबद्दल.

मग आम्ही दोघं मागच्या खोलीत जाऊन बसलो. बाबा दारात येऊन उभे राहिले. हात मागं.

मी उठलो. "बाबा, आत या. चाक तुम्ही पाहा. हात लावा." चाक उचलून त्यांच्यापुढं धरलं आणि पुन्हा म्हटलं, "हात लावा."

त्यांचे हात पुढं आले. मी ते पाहत होतो.

ते आत येऊन माझ्या खुर्चीवर बसले. आल्हादनं न बोलता डबा त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी झाकण काढलं, एक बुश उचलला, बोटात फिरवला आणि टेबलावर सोडला. तो डुगडुगत गेला आणि कडेला जाऊन पडला.

"हा तं अंडा हाय," बाबा म्हणाले, आणि पहिले तेच हसले. मग आल्हाद हसला, डोळे पुसत. त्यानंतर दोघं एकमेकांकडं पाहू शकत होते.

त्याच डब्यातला एक बुश बाबांनी टुकटुकच्या चाकासाठी निवडला. माझी लहान कानस मागितली, तासभर घासला, बसवला. चाक आता सैल नाही, पण वाकडं फिरते. आईनं कपात चहा ओतून दिला. टुकटुक स्वयंपाकघरातून झिंगत निघाली. उंबरठ्यावर दोनदा मागं घसरली, तिसऱ्यांदा चढली. माझ्या टेबलापर्यंत अर्धा कप चहा पोचला, अर्धा फरशीवर.

"पिऊन आली का रे तुझी गाडी?" आई म्हणाली.

कॉम्प्युटरवरच्या नोंदीत लिहिलं: चाक वाकडं, बदलायचं नाही.

संध्याकाळी आल्हादला सोडायला बाबा त्याच्यासोबतच गेले. मी टेबल आवरत होतो. कानस दिसेना. बेंचखाली पाहिलं, डब्यात पाहिलं. मग वर नजर गेली. खिळ्याला टोकन होतं.

कधी अडकवलं, मला समजलंही नाही. मी हात लावला नाही, नुसतं उभं राहून पाहिलं.

बाबा परतले तेव्हा मी विचारलं, "कानस तुम्ही नेली का?"

"हाव. त्याच्या रोबोटचा एक पाय घासाले नेली, तिकडंच राहिली. उद्या आणतो."

कानस आल्हादच्या गॅरेजमध्ये, त्या खुर्चीजवळ. वाईट वाटलं. अजूनही वाटते, तेवढा काही मी सुधारलो नाही. पण कानस परत आली की बाबा टोकन काढून नेतील, नियम म्हणजे नियम.

"राहू द्या तिकडं," मी म्हटलं.

"तं मग माहं टोकन अडकून पडंल ना."

मी म्हटलं, पडू द्या.